व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि जुने स्पीकर: या छंदात नव्याने शिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

घरी ऐकायला येणारी माणसं जाताना जे प्रश्न विचारतात, तेच इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत आणि त्यांत माझी मतंही आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. गायकाची पट्टी बघून तंबोरा लावतात, तसा स्पीकर बघून ॲम्प्लिफायर निवडायचा असतो. एकटा ॲम्प्लिफायर चांगला नसतो आणि वाईटही नसतो. ज्या स्पीकरला तो जोडला आहे, त्याच्यासोबतच त्याची पारख होते.

‘व्हॉल्व्ह’ आणि ‘ट्यूब’ यांत फरक काय?

काही नाही. ट्रान्झिस्टरच्या आधी आवाज वाढवायचं काम ज्या निर्वात काचेच्या नळ्या करत, त्यांना ब्रिटिश लोक व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकन ट्यूब. आपल्याकडे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसांच्या तोंडी व्हॉल्व्हच आहे, म्हणून मीही तेच म्हणतो. नावांमध्ये मात्र घोळ होतो. युरोपातला ईसीसी८३ म्हणजे अमेरिकेतला १२एएक्स७, ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईएल३४ म्हणजे ६सीए७. दुकानात एका नावाने नाही मिळाला तर दुसऱ्या नावाने विचारा.

पाच वॅटचा ॲम्प्लिफायर? आजकाल मोबाइलच्या ब्लूटूथ स्पीकरवरही याहून मोठा आकडा छापलेला असतो. एवढ्यात भागेल का?

भागेल की नाही, हे स्पीकर ठरवतो. प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता असते. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं, तर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. आता ९६ डेसिबलचा जुना मोठा स्पीकर आणि ८४ डेसिबलचा छोटा आधुनिक स्पीकर शेजारी ठेवा. दोघांत १२ डेसिबलचा फरक आहे, म्हणजे सोळापट. पहिल्याला ४ वॅटवर जो आवाज येतो, त्यासाठी दुसऱ्याला ६४ वॅट मोजावे लागतात.

हे असं का झालं, त्यामागे इतिहास आहे. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी आजच्या पद्धतीचा, तारेच्या गुंडाळीने (कॉइल) कागदी शंकू (कोन) हलवणारा स्पीकर मांडला. तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं वॅट फार महाग होते. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हा व्हॉल्व्ह १९३८ सालचा, तो एकटा वापरला तर जेमतेम ७-८ वॅट देतो. अशा तुटपुंज्या वॅटवर चित्रपटगृह भरून टाकायचं, म्हणून भोंगे आणि मोठमोठ्या पेट्या आल्या. घरासाठी १९४६ चा क्लिप्शहॉर्न आणि १९४७ चा टॅनॉय ड्युअल कॉन्सेन्ट्रिक हे स्पीकर त्याच काळाचे. मग १९५४ मध्ये एडगर विल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने हवाबंद लहान पेटीतून खोल बेस काढून दाखवला. ती मोठी कामगिरी होती, पण तिची किंमत वॅटमध्ये चुकवावी लागली. केएलएच कंपनीतले जोसेफ हॉफमन यांनी हे नियमात बसवलं: खोल बेस, लहान पेटी आणि जास्त संवेदनशीलता या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले. सगळ्यांनी तिसरी गोष्ट सोडून दिली आणि पेट्या लहान होत गेल्या.

म्हणून व्हॉल्व्ह आणि जुना स्पीकर एकमेकांना शोभतात, त्यात जुन्याची नुसती हौस नाही. दोघं एकाच हिशेबातून जन्माला आले आहेत.

दहा बाय बाराच्या खोलीत, अडीच मीटरवर बसून ऐकलं तर ९२ डेसिबलच्या जोडीला ५ वॅट मिळाल्यावर साधारण ९४-९५ डेसिबलपर्यंत जाता येतं. आपण गाणं सरासरी ७५ च्या आसपास ऐकतो. तबल्याची थाप, सतारीचा झाला यांची उसळी त्यावर १५ डेसिबल धरली तरी जागा उरते. ८४ डेसिबलच्या स्पीकरवर मात्र तीच थाप दबून येईल.

मग कोणत्या स्पीकरसोबत कोणता ॲम्प्लिफायर?

ढोबळ मानाने सांगतो. एका ईएल८४ वर चालणारा ‘सिंगल एंडेड’ ॲम्प्लिफायर ५ वॅटच्या आसपास देतो. त्याला ९२ डेसिबलच्या वरचेच स्पीकर द्या, म्हणजे कागदी कोनाचे आठ-दहा-बारा इंची फुल रेंज (सगळे स्वर एकाच कोनातून काढणारे) किंवा भोंग्याचे. फिलिप्सचा दुहेरी कोनाचा आठ इंची ९७१०एम माझ्या फार आवडीचा. मोठ्या पेटीत बसवला की माणसाचा आवाज समोर येऊन उभा राहतो. पण सावध राहा. त्याच स्पीकरचा ९७१०एएम हा प्रकार ८०० ओहमचा (ओहम हे विद्युत रोधाचं माप) आहे. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर) नसलेल्या फिलिप्सच्या खास रेडिओंसाठी बनवलेला होता. दिसायला दोघं सारखे, पण तुमच्या ॲम्प्लिफायरवर एएम जवळपास मुका राहील. खरेदीच्या वेळी मल्टिमीटर खिशात हवा तो यासाठीच.

दोन ईएल८४ ‘पुश-पुल’ (एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं) जोडले तर १० ते १७ वॅट मिळतात, ८८-९० डेसिबलच्या स्पीकरपर्यंत हे चालतं. ब्रिटनमधला १९५८ चा लीक स्टिरिओ २० याच घराण्यातला. त्याच्या वर ईएल३४ आणि केटी८८ या मोठ्या पॉवर व्हॉल्व्हची दुनिया: अमेरिकेतला १९५९ चा डायनाको एसटी-७० (३५ वॅटच्या दोन बाजू), १९६१ चा मॅकिन्टॉश एमसी२७५ (७५ च्या दोन). बीबीसीचा छोटा एलएस३/५ए तर ८३ डेसिबलच्या आसपासचा आहे, तरीही व्हॉल्व्हवर सुंदर वाजतो. कारण त्याची मूळ आवृत्ती १५ ओहमची होती आणि तो लहान खोलीत, जवळ बसून ऐकायचा स्पीकर आहे. त्याला १५-२० वॅट द्या आणि त्याच्याकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा ठेवू नका.

पहिली जोडी म्हणून काय घ्यावं असं कोणी विचारलं, तर मी पुश-पुल ईएल८४ आणि ९० च्या वरचा कोणताही धडधाकट कागदी कोनाचा स्पीकर सांगतो. नावाच्या मागे लागू नका.

आवाजात खरंच फरक असतो, की हे मनाचे खेळ?

फरक असतो आणि मोजताही येतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा, विशेषतः सिंगल एंडेडचा, दोष मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचा असतो. म्हणजे मूळ सुरात त्याचाच वरच्या सप्तकातला सूर किंचित मिसळतो. कानाला तो खटकत नाही, उलट स्वर भरीव वाटतो.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं, पण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे. ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतो. बेसच्या एका ठिकाणी त्याचा रोध ४०-५० ओहमपर्यंत चढतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला याचा फरक पडत नाही. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध जास्त असल्यामुळे तिथे व्होल्टेज वर चढतं आणि बेस भरतो. स्पीकर जुळला तर तंबोऱ्याचा खर्ज खोलीभर पसरतो. नाही जुळला तर नुसती गुमगुम होते आणि लोक व्हॉल्व्हला ‘ढगळ’ म्हणून मोकळे होतात. दोष जोडीचा असतो.

व्हॉल्व्ह प्रत्येक बाबतीत श्रेष्ठ, असं मात्र मी म्हणणार नाही. मोठा वाद्यवृंद, खोल इलेक्ट्रॉनिक बेस, मोठ्या आवाजातला रॉक, यांसाठी चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर अधिक बरा. गळा, सारंगी, हार्मोनियम, बासरी, जुनी भावगीतं हे व्हॉल्व्हचं माहेर आहे.

जुना स्पीकर विकत घेताना काय बघायचं?

आधी कडा बघा. कोनाची बाहेरची लवचिक पट्टी, म्हणजे सराउंड, कशाची आहे? साधारण १९७० नंतरच्या बऱ्याच स्पीकरांना फोमची पट्टी आहे. तो फोम पंधरा-वीस वर्षांत आपोआप विरघळतो आणि आपल्या दमट हवेत त्याहून लवकर. बोटाने हलकेच दाबा. चिकट लागला किंवा भुगा पडला तर पट्टी बदलावी लागणार, भाव त्या हिशेबाने करा. कापडाची किंवा कोनाच्याच कागदाला चुण्या घालून केलेली पट्टी साठ वर्षंही टिकते. फक्त त्यावर कोणी गोंद थापलेला नाही ना, ते तपासा. गोंदाने ती कडक होते आणि बेस जातो.

मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर टेकवून तो सरळ, सावकाश आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ५.५ ते ७ दाखवतो, १५-१६ ओहमचा ११-१२ च्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, कोन हलला पाहिजे. जोडीतले दोन्ही स्पीकर एकाच दिशेला हलतात का तेही बघा. जुन्या जेबीएलमध्ये लाल टोकाला धन दिलं की कोन आत जातो. ती त्या कंपनीची जुनी पद्धत आहे, बिघाड नाही.

दोन किंवा तीन स्पीकरची पेटी असेल तर ट्वीटरजवळ (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरजवळ) कान नेऊन तो वाजतोय ना याची खात्री करा. क्रॉसओव्हरमधले (बेस आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळतात आणि त्यांचं मूल्य (मायक्रोफॅरडचा आकडा) बदलतं. ते बदलणं सोपं आणि स्वस्त आहे. पेटी मागून ठोकून बघा: भरीव आवाज हवा. पोकळ, भुसभुशीत आला तर वाळवी असू शकते. आणि वास घ्या. उंदरांनी वस्ती केलेली पेटी वासावरून कळते.

मिळण्याची ठिकाणं तुम्हाला माहीतच असतील. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार. सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली. पण सगळ्यांत चांगले स्पीकर मला ओळखीच्या घरांतून, माळ्यावरून मिळाले आहेत. रेडिओग्रामच्या (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या) कपाटात चपला ठेवलेल्या असतात आणि आतले स्पीकर शाबूत असतात.

कोन फाटला आहे. कुठे दुरुस्त करू?

फाट लहान असेल तर स्वतः करा. पातळ टिश्यू कागदाचा तुकडा, थोडं पाणी घातलेला पांढरा गोंद, मागच्या बाजूने लावायचा, रात्रभर वाळू द्यायचा. जितका हलका तितका बरा.

कोन बदलायची वेळ आली तर थांबा. प्रत्येक गावात मंडप-साउंडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातात कसब असतं. कॉइल मध्यभागी बसवावी ती त्यांनीच. पण त्यांच्याकडचा तयार कोन हा लग्नाच्या मांडवात, शेकडो वॅटवर रात्रभर टिकावा म्हणून केलेला जाड आणि जड कोन असतो. माझ्या एका आठ इंची जुन्या स्पीकरला असा कोन बसवून आला. काम अगदी स्वच्छ होतं, कुठे घासत नव्हतं, आणि स्पीकरचा प्राण गेला होता. पूर्वी जो तीन वॅटवर गायचा, तो आता दहा मागू लागला आणि वरचे स्वर गायब झाले. चूक माझी, मी काय हवं ते सांगितलं नव्हतं. आता मी कारागिराला आधी जुन्या कोनाचं वजन करून देतो, शक्यतो जुनाच कोन ठेवायला सांगतो, फक्त पट्टी, स्पायडर (कोन मागून मध्यभागी धरणारी चुणीदार चकती) किंवा कॉइल बदलून घेतो. जुना कोन फेकू नका असं पहिल्याच वाक्यात सांगा, कारण तो सवयीने सुरीने कापून टाकला जातो.

आजोबांचा रेडिओग्राम वीस वर्षं बंद आहे. प्लग लावून बघू का?

नाही. कृपा करून नको. कुतूहलाच्या त्या दोन मिनिटांत असा सेट कायमचा जळू शकतो. आणि आधी हे बघा की तो एसी/डीसी सेट तर नाही ना. एसी/डीसी सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. मागच्या पट्टीवर ‘एसी/डीसी’ लिहिलेलं असतं, व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होतात: यूसीएच, यूबीएफ, यूवाय. आपल्याकडे असे रेडिओ पुष्कळ विकले गेले. त्यांच्या चासीला, बटण निघालेल्या दांड्याला, मागच्या स्क्रूला हात लावणं म्हणजे विजेलाच हात लावणं. नवशिक्याने हे सेट हाताळू नयेत.

ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर क्रम असा. प्रथम वायर: तडकलेली दोन पदरी वायर काढून तीन पदरी घाला, चासीला अर्थिंग द्या, योग्य फ्यूज बसवा. मग कपलिंग कंडेन्सर, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून पुढच्या व्हॉल्व्हकडे आवाज पोचवणारे. मेण चढवलेले कागदी कंडेन्सर गळके होतात आणि पुढच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) धन व्होल्टेज पोचवतात. मग व्हॉल्व्हमधून नको तेवढा करंट वाहतो, तो लाल होतो, आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. शंभर रुपयांच्या आतला कंडेन्सर अशी वस्तू मारतो जी आज बाजारात मिळत नाही. त्यानंतर वीज सपाट करणारे फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. बदलताना ‘मोठा तो चांगला’ करू नका. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला मर्यादा असते, ईझेड८१ साठी पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपर्यंतच, जीझेड३४ साठी ६०.

हे झाल्यावर पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या मालिकेत जोडा, एलईडी चालत नाही. बल्ब आधी उजळला आणि मग मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तमच, पण सिरीज बल्बचं काम त्याने होत नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि मी दोन्ही वापरतो.

सगळ्यांत शेवटी व्हॉल्व्ह. लोक नेमकं उलटं करतात, आधी नवे व्हॉल्व्ह आणतात आणि गळक्या कंडेन्सरला बळी देतात.

काढलेले जुने भाग पिशवीत घालून कपाटातच ठेवा. आणि चालू होण्यासारखा रेडिओग्राम फोडून त्यातला ॲम्प्लिफायर काढू नका. असे अखंड सेट आता थोडे उरलेत.

आत विजेचा धोका किती?

जीव जाण्याइतका. साध्या ईएल८४ च्या ॲम्प्लिफायरमध्ये २५० ते ३०० व्होल्ट डीसी, ईएल३४ मध्ये ४०० च्या पुढे. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये भार राहतो, कधी कधी बराच वेळ. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने चासी आणि कंडेन्सरच्या धन टोकामध्ये जोडून मोजत राहा. मीटर ५ व्होल्टखाली आल्याशिवाय बोट आत जाऊ देऊ नका. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात, पायात रबरी चप्पल, घरात दुसरं माणूस जागं. सोल्डरिंग येत नसेल तर आधी साधे कमी व्होल्टचे किट जोडून हात बसवा, वर्षभर लागलं तरी चालेल.

व्हॉल्व्ह आता मिळतात का?

मिळतात. स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोव्हचा कारखाना (सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही नावं तिथली), चीनमध्ये प्सवाने. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने ३००बी पुन्हा सुरू केलाय. आणि आपल्याकडचे जुने, न वापरलेले: बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, रेडिओचे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनवले आणि त्या खोक्यांतले अजून जुन्या दुकानदारांकडे निघतात. मी ते आनंदाने वापरतो. मुलार्ड, टेलिफुंकन या जुन्या युरोपीय कंपन्यांची नावं छापलेल्यांना अवाच्या सवा भाव असतो आणि नकली छपाईही चालते. पहिली दोन वर्षं तरी त्या वाटेला जाऊ नका. ते पैसे स्पीकरच्या पेटीवर घाला.

व्हॉल्व्ह गेला, हे कसं ओळखायचं?

आतल्या काचेवरचा चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर हवा शिरली, संपला. मधली पत्र्याची नळी लाल झाली तर लगेच बंद करा, मात्र तो दोष बहुतेक वेळा व्हॉल्व्हचा नसून बायसचा (व्हॉल्व्हमधला करंट ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) किंवा कंडेन्सरचा असतो. काचेवर निळसर झाक दिसणं निरुपद्रवी आहे, आतल्या पत्र्यांच्या मधे जांभळट धुकं दिसलं तर वायू आहे. पेन्सिलने हलकी टिचकी मारल्यावर स्पीकरमधून ‘टंग’ आलं तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक, म्हणजे हादरे पकडणारा. आयुष्य म्हणाल तर पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तास, छोटे त्याहून कितीतरी जास्त.

स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर चालू केला तर?

करू नका. गाणं चालू असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उभं राहतं आणि त्याचं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टरच्या उलट नियम आहे हा: तिथे शॉर्टची भीती, इथे मोकळ्या तारेची.

मुलाने अमेरिकेहून ॲम्प्लिफायर पाठवला आहे. इथे चालेल?

११७ व्होल्टचा असेल तर चांगला, जरा मोठ्या क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. काही जुने ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झपुरतेच काटेकोर केलेले असतात, आपल्या ५० वर ते जास्त तापतात. पहिल्या आठवड्यात तासाभराने हात लावून बघत जा. ब्रिटनहून आलेल्याला ही अडचण नाही, फक्त मागचा व्होल्टेजचा टॅप २४० वर ठेवा.

सतत घुंऽऽ असा आवाज येतो.

इनपुटची वायर काढा. आवाज गेला तर दोष बाहेर आहे, बहुधा दोन ठिकाणी अर्थिंग झालंय. राहिला तर कान देऊन ऐका. खोल, मऊ घुमणारा म्हणजे ५० हर्ट्झ: फिलामेंटच्या वायरी, अर्थिंग, शील्ड. त्याहून वर, भुंग्यासारखा करकरीत म्हणजे १००: फिल्टर कंडेन्सर थकलेत. आणि ९६ डेसिबलच्या स्पीकरवर थोडी घुमणी राहणारच, कान चिकटवल्यावर ऐकू येईल एवढी. बसल्या जागी ऐकू येत असेल तर मात्र दुरुस्त करा.

मोबाइल किंवा सीडी जोडता येईल?

हो. जुन्या रेडिओच्या मागे ‘पिक-अप’ किंवा ‘ग्रॅम’ लिहिलेलं सॉकेट असतं, ते याच कामाचं. सेट मोनो असेल तर मोबाइलच्या डाव्या-उजव्या तारा थेट एकत्र बांधू नका, दोन्हींत एकेक किलोओहमचा रेझिस्टन्स घालून मग जोडा. एसी/डीसी सेटला मात्र काहीही जोडायचं नाही, वर सांगितलेल्या कारणासाठी. रेकॉर्ड प्लेअरचं वेगळं. क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिक-अप थेट चालतो, मॅग्नेटिक असेल तर फोनो प्रीॲम्प्लिफायर लागतो.

महागड्या केबलने फरक पडतो का?

साधी, जाड तांब्याची वायर घ्या आणि सांधे घट्ट ठेवा.

वीजबिल?

एकेका ईएल८४ चा स्टिरिओ सेट ५० वॅटच्या आसपास घेतो. रोज तीन तास ऐकलं तर महिन्याला साडेचार युनिट. चार ईएल३४ वाला त्याच्या तिप्पट धरा. उन्हाळ्यात बिलापेक्षा उष्णता जास्त जाणवते, वर आणि चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा.

आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात काय करायचं?

वापरत राहा, हाच उपाय. आठवड्यातून दोनदा दोन तास लावला तर व्हॉल्व्हच्या उष्णतेने ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट कोरडे राहतात. गणपतीपर्यंत बंद ठेवलेला सेटच दसऱ्याला रुसतो. तसा बंद राहिलाच तर पुन्हा सिरीज बल्बमधून सुरू करा. कागदी कोनाला बुरशी धरते, मऊ कोरड्या ब्रशने झाडा, पाणी किंवा स्पिरिट लावू नका. कसर आणि झुरळं कोनाचा गोंद खातात, म्हणून पेटीच्या मागच्या भोकाला बारीक जाळी लावा. पेटी भिंतीपासून आणि ओलीपासून हातभर लांब ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात तर उन्हात तापवून परत वापरता येतात.

सगळं जुळलं. खोलीत कुठे ठेवू, आणि पहिल्यांदा काय ऐकू?

आपल्या घरांत फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज ठणठणतो. समोर सतरंजी घाला, पाठीमागे गादी किंवा पुस्तकांचं कपाट असू द्या. भोंगा किंवा कोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आला पाहिजे. आपण जमिनीवर बसून ऐकत असू तर पेट्या त्या मानाने खाली ठेवायच्या किंवा पुढे झुकवायच्या, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोपऱ्यात बेस वाढतो, भिंतीपासून पुढे ओढला की कमी होतो. वीत-वीत सरकवून बघा.

अर्धा तास तापू द्या. मग एकट्या गळ्याचं, जुनं, मोनो ध्वनिमुद्रण लावा. मी कुमार गंधर्वांचं किंवा किशोरीताईंचं लावतो, विलंबित, सुरुवातीचा आलाप. आवाज बेताचा. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे गळा उभा राहतो का ते आधी ऐका. एका बाजूला ओढत असेल तर एक व्हॉल्व्ह थकलाय किंवा एका स्पीकरचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. मग गळा सोडून तंबोऱ्याकडे कान द्या. चारही तारा वेगळ्या ऐकू येतात का? जवारीचा तो झणकार शेवटपर्यंत टिकतो, की मधेच बोथट होतो? बोथट होत असेल तर डावा स्पीकर चार बोटं आत वळवा आणि तोच आलाप पुन्हा लावा.